घर पाहावे हाकून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने कुणी केली तो एकंदरीत सुखी माणूस असला पाहिजे. त्याचे घर बांधून झाल्यावर जागच्या जागी उभे राहत होते आणि लग्नाची बायको त्या घरात होती. घराला चाके लावावीत, बायकोला शेजारच्या सीटवर बसवावे आणि दोन्ही गोष्टी एकदमच माळशेज घाटात चढवून पाहाव्यात, ही बुद्धी त्याला झाली नाही. ती आम्हाला झाली.

मी इतिहासाचा मास्तर. डोंबिवलीच्या एका शाळेत तीस वर्षे मी पानिपत लढलो आणि दर वर्षी नेमाने हरलो. आमची ही पोस्टात होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारून तिला महाराष्ट्रातली गावे पिनकोडासकट पाठ. ती निवृत्त झाली त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी आली, चहा केला आणि म्हणाली, "मला आता ती सगळी गावं बघायचीयत."

"कुठली?"

"ज्यांचे शिक्के मारले ती."

मी म्हटलं, जाऊ की. एस.टी. आहे, रेल्वे आहे, हॉटेलं आहेत. हॉटेल म्हटल्याबरोबर तिच्या चेहऱ्यावर लॉजच्या चादरी पसरल्या. "दुसऱ्याच्या अंथरुणात मला झोप येत नाही. आणि सकाळचा चहा मला माझ्या भांड्यात लागतो."

"मग घरच बरोबर न्यावं लागेल," मी विनोदाने म्हटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात माझा हा पहिलाच विनोद तिने गंभीरपणे घेतला.

त्याच रविवारी आमचे मेहुणे आले. मेहुण्यांना जगातल्या सर्व वाहनांची माहिती आहे; स्वतःची स्कूटर मात्र ते ढकलत आणतात. त्यांनी खिशातून मोबाइल काढून चित्रे दाखवली आणि मोटारघरांच्या जाती समजावून सांगितल्या. पहिली जात साध्या व्हॅनची : बाहेरून शाळेची गाडी वाटावी, आत संसार. दुसरी 'टोपीवाली' : मागे खोली आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपीसारखा निघालेला एक माळा, त्यात पलंग. तिसरी चक्क बंगल्याएवढी, पुढून बससारखी सपाट. आणि या दोघींच्या मधली ती 'लो प्रोफाइल'. खोली टोपीवालीसारखीच, पण डोक्यावरचा माळा काढून टाकलेला. कपाळ मागे उतरते, उंची कमी, वारा कमी लागतो, तेल कमी जाते. मी तिचे नाव तिथल्या तिथे 'बुटकी' ठेवले.

"तिकडे युरोपात," मेहुणे म्हणाले, "फिरायला जाणारी नवरा-बायको बहुधा ही बुटकीच घेतात. दोघांना एक पलंग पुरतो. माळ्यावरचा पलंग पोरंबाळं असणाऱ्यांना."

"आपल्याला माळ्याची हवी," ही ताबडतोब म्हणाली. "मुलं आली तर?"

आमचा मुलगा कॅनडात असतो, मुलगी बंगलोरला. दोघेही दोन वर्षांतून एकदा येतात. आले की एक आठवडा दाताच्या डॉक्टरकडे आणि दुसरा आठवडा खरेदीला जातो. ते आमच्याबरोबर चाकांवरच्या माळ्यावर झोपायला येतील हे मला अवघड वाटत होते. पण तसे बोललो नाही. बत्तीस वर्षांत निदान एवढे तरी शिकलो आहे.

कुठलाही प्रश्न आला की लोक पुढचा विचार करतात. मी मागे जातो. दोन हजार वर्षे मागे गेले की बहुतेक प्रश्न सुटतात, निदान ते विचारणारा तरी निघून जातो. मोटारघराच्या बाबतीत मी असाच मागे गेलो, आणि पाहतो तो काय, सगळा इतिहास आमच्याच भागात पसरलेला!

मुळात ही कल्पना साहेबाची नव्हेच. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही आपली म्हण. हा आपला पहिला मोटारघरवाला, नांगीसकट. कल्याण हे तर बिऱ्हाड पाठीवर टाकून हिंडणाऱ्यांचे जुनेच मुक्कामाचे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवहीत या बंदराचा उल्लेख आहे. जुन्नरहून माल लादलेली जनावरे नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याकडे येत. घाटमाथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेली गुंफा आहे आणि वाटेच्या तोंडाशी एक भला थोरला दगडी रांजण. हा जकात टाकण्याचा रांजण असे सांगतात. म्हणजे रस्त्याच्या आधी टोलनाका ही आपली परंपरा किमान दोन हजार वर्षांची आहे. आता रांजणाच्या जागी काचेवर फास्टॅग चिकटवतात इतकेच.

गाड्यांच्या जातीही आपल्याला नव्या नाहीत. मेहुण्यांनी ज्या चार जाती मोबाइलवर दाखवल्या, त्यांना आपल्या आज्या केव्हाच नावे ठेवून बसल्या होत्या. माल लादायचा तो खटारा, हलका दोनचाकी तो छकडा, आणि घरच्या माणसांना माहेरी-सासरी न्यायची ती दमणी. दमणीला वर कामट्यांची कमान, तिच्यावर कापड किंवा तट्ट्या, आत गवत, गवतावर घोंगडी आणि घोंगडीवर बसलेली माणसे. माणूस आत वाकूनच शिरायचा. उंच केली तर खाचखळग्यांत कलंडते, हे गाडीवानाला कुठल्याही कारखान्याने शिकवले नव्हते. लो प्रोफाइल म्हणजे दमणी, हे माझ्या ध्यानात आले आणि त्या शोधाच्या आनंदात मी हिला हाक मारली.

"म्हणजे बुटकीच घ्यायची म्हणताय ना?" ती आतून म्हणाली. "सरळ सांगा. दमणी कशाला जुंपताय?"

मग मी मोठा इतिहास काढला. औरंगजेब १६८२ साली दक्षिणेत ठाण मांडून बसला तो १७०७ साली अहमदनगरला मरेपर्यंत. पंचवीस वर्षे त्या माणसाने तंबूंच्या शहरात संसार केला. मोगल बादशहांच्या स्वारीत तंबूंचे दोन जोड असत : एक राहायला आणि दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच उभा करायला. याला म्हणतात बंगल्याएवढे मोटारघर! त्याच्याभोवती मराठे घोड्यावर, खोगिराला भाकरी बांधून. शिवाजीमहाराजांची तर शिस्तच होती, सभासदाच्या बखरीत नमूद आहे, की लष्करात बायका, बटक्या, कलावंतिणी न्यायच्या नाहीत. सुटसुटीतपणाचे याहून मोठे उदाहरण...

"म्हणजे बायकोला न्यायचंच नाही?"

मी ते उदाहरण मागे घेतले आणि नाइलाजाने पानिपतावर आलो. १७६० साली भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले तेव्हा लष्कराबरोबर कुटुंबकबिला होता, यात्रेकरू होते, काशी-मथुरा करून येऊ म्हणणारी बुणगी होती. लढणाऱ्यांपेक्षा जेवणारे जास्त. एवढे सगळे घेऊन चपळाईने हलता येईना, आणि शेवटी पानिपताला कोंडी झाली तेव्हा धान्य संपले. दर वर्षी फळ्यावर हे मी 'पराभवाची कारणे' या मथळ्याखाली तिसऱ्या क्रमांकाला लिहीत असे. "तेव्हा," मी म्हटलं, "जेवढी माणसं निश्चित येणार तेवढ्यांचंच बिऱ्हाड न्यावं."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "भाऊसाहेबांच्या बायकोचं काय झालं हो?"

पार्वतीबाई बरोबर होत्या, हे मी वर्गात सांगत असे. पण परीक्षेत येत नसल्यामुळे घाईने सांगत असे. १४ जानेवारी १७६१ नंतर त्या परत आल्या, भाऊ आले नाहीत. भाऊ गेले हे त्यांनी मानले नाही. सौभाग्याची चिन्हे अंगावर ठेवूनच त्यांनी उरलेले आयुष्य काढले. हे सांगताना माझ्या लक्षात आले, की तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

विषय बदलावा म्हणून मी रेल्वेवर आलो. रेल्वे हा ठाण्या-कल्याणच्या माणसाचा हक्काचा विषय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली : चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने आणि अंतर एकवीस मैल. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ती कल्याणपर्यंत गेली. तेव्हा चारशे माणसांना चौदा डबे होते, हे वाचून डोंबिवलीकराचे डोळे पाणावतात. आज सकाळी आठच्या सुमाराला तेवढी माणसे एका डब्यात, आणि त्यातली काही दारात असतात.

पण रेल्वेने मोटारघरवाल्यांना एक मोठा धडा दिला आहे. तो म्हणजे न्हाणीघराचा. खालच्या वर्गाच्या डब्यांत पुष्कळ वर्षे ती सोयच नव्हती. १९०९ साली बंगालमधल्या ओखिलचंद्र सेन नावाच्या गृहस्थांनी भरपूर फणस खाल्ला आणि अहमदपूर स्टेशनवर त्यांना उतरावे लागले. गार्डाने शिटी मारली आणि हे एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा स्थितीत फलाटावर धावले आणि पडले. त्यांनी रेल्वेला लिहिलेले तक्रारपत्र प्रसिद्ध आहे. डब्यांत संडास येण्यामागे हे पत्र होते असे सांगतात. स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांचे पुतळे उभारले, ते योग्यच. पण साठी उलटलेल्या माणसाला विचाराल तर एक पुतळा ओखिलबाबूंचाही हवा. मोटारघर घेताना पलंगाच्या आधी मी तीच जागा पाहिली. आजच्या गाड्यांत खाली सरकत्या पेटीसारखी टाकी असते. ती बाहेरून ओढून काढायची आणि योग्य ठिकाणी नेऊन रिकामी करायची. कोणी रिकामी करायची, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. ते काम माझ्याकडे आहे.

साहेबाच्या इतिहासातही मी डोकावलो. केवळ हौसेसाठी घर चाकांवर घालून हिंडणारा पहिला नामांकित माणूस म्हणजे डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स. आरमारातला निवृत्त सर्जन, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. त्याने १८८५ साली 'वाँडरर' नावाची अठरा फुटी लाकडी घरगाडी बांधून घेतली, दोन घोडे जुंपले आणि इंग्लंड-स्कॉटलंड पालथे घातले. बरोबर गाडीवान, नोकर, कुत्रा आणि पोपट. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जायचा आणि अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येते का ते पाहून यायचा. हे वाचून मला फार बरे वाटले. कारण कल्याणात रिक्षा मागे घेताना पोरगा उतरून "येऊ दे, येऊ दे, बास!" करतो, ते काम किती जुने आणि प्रतिष्ठित आहे हे कळले. पुढे १९५१ पासून जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनीचा पलंग-कपाटांचा संच बसू लागला आणि मध्यमवर्गीय नवरा-बायकोही बिऱ्हाड घेऊन निघाली.

आपण त्या वर्षांत काय करत होतो? आपण डोंबिवली बांधत होतो! गिरगाव-दादरच्या चाळींतून माणसे ट्रकात सामान भरून इकडे आली आणि वन रूम किचनमध्ये शिरली. आमची पहिली जागा सव्वादोनशे चौरस फुटांची. रात्री कॉट पुढे ओढली की पलंग, सकाळी भिंतीला टेकवली की बैठक. त्याच टेबलावर वह्या तपासायच्या, त्याच टेबलावर पोळ्या लाटायच्या. वर माळा, माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या. पाणी यायचे ते भरून ठेवायचे आणि मोजून वापरायचे. मोटारघराच्या माहितीपत्रकात 'जागेचा कल्पक उपयोग' म्हणून जी चित्रे असतात ती पाहून ही म्हणाली, "यात काय आहे? ह्यात तर आपण अठरा वर्षं राहिलो. फक्त ते घर चालत नव्हतं."

एवढे संशोधन झाल्यावर व्यवहार सुरू झाला. गल्लीतला गॅरेजवाला म्हणाला, "सर, जुना टेम्पो आणा, महिन्याभरात बंगला करून देतो." पण तसे चालत नाही. कारखान्याने दिलेल्या गाडीत मूळचा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. गाडी रीतसर मान्यता असलेल्या बांधणीवाल्याकडूनच बांधलेली हवी आणि नोंदणीपुस्तकात मोटर कॅरव्हॅन म्हणूनच तिची नोंद हवी. आपल्याकडे असे संसार बहुधा ट्रॅव्हलर किंवा विंगर अशा व्हॅनवर चढवतात. राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे; तेव्हा हा आता केवळ आमचा वेडेपणा राहिलेला नाही, सरकारमान्य आहे.

वजनाचाही हिशेब असतो. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो झाले. आमच्या दोघांच्या वजनाहून थोडेसेच कमी. साडेसात हजार किलोंच्या आतली गाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालते. परवाना हिच्याकडेही आहे. पंचावन्नाव्या वर्षी, मी नको नको म्हणत असताना, ती गाडी शिकली. आता या वयात तो पाचच वर्षांचा मिळतो. म्हणजे हिंडायचे तर हिंडून घ्या, असा सरकारचाच इशारा.

'माळा की बुटकी' हा वाद मात्र मिटेना. तेव्हा मेहुण्यांनी त्यांच्या एका मित्राची टोपीवाली गाडी दोन दिवसांसाठी आणली. ऑक्टोबरातली एक सकाळ धरून आम्ही निघालो. शहाडचा पूल, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. वैशाखरे आले तेव्हा मी उजवीकडचा नाणेघाट दाखवला आणि सातवाहन सुरू केले. ही म्हणाली, "पुढे बघा." पुढे धनगरांचा तांडा होता. पाऊसकाळ संपला की घाटावरून ही माणसे मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. घोड्याच्या पाठीवर घोंगड्या, भांडी, त्यांच्यावर कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरे आणि सगळ्यात वर एक पोर, गाढ झोपलेले. बाप्ये मेंढरांबरोबर, बिऱ्हाड सांभाळत चाललेल्या सगळ्या बायका. आमची सरकारमान्य हौस रस्त्याच्या कडेला घेऊन आम्ही त्यांना वाट दिली. ही काचेतून पाहत राहिली. "बघा," म्हणाली, "उगाचची एक वस्तू नाही त्यांच्याकडे."

घाट चढून खुबी फाट्याच्या पुढे एका धाब्याच्या मागच्या मोकळ्या जागेत मालकाच्या परवानगीने आम्ही मुक्काम ठोकला. समोर पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी. हिने स्वतःच्या भांड्यात चहा केला. तो पीत असताना ती इतकी गप्प आणि इतकी खूश होती, की मी इतिहासातले काहीही सांगितले नाही.

रात्री वारा सुटला. माळशेजचा वारा उंच गाडीला शोधून काढतो. टोपीवाली पाळण्यासारखी डोलू लागली. त्यातच मला सुबुद्धी सुचली, की माळ्यावरचा पलंग मुलांना कितपत सोयीचा आहे हे आजमावून पाहावे. शिडीच्या चार पायऱ्या चढून मी वर गेलो. छत नाकापासून हातभर. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण नेमकी कुठे सुचली असेल ते कळले. झोप लागली, पण पहाटे उठायला गेलो आणि कमरेत जी उसण भरली, ती अशी, की मला ना बसता येईना ना सरकता. मी छताकडे पाहत पडून राहिलो आणि हाक मारली. ही हाक मात्र दमणीसाठी नव्हती.

धाब्याचा मालक आणि त्याची दोन पोरे आली. मखरातून गणपती उतरवतात तसे त्यांनी मला उतरवून खालच्या पलंगावर आडवे केले. फक्त कुणी 'मोरया' म्हटले नाही. ही सगळा वेळ माझा हात धरून होती. मग तिने भांडी कपाटात कोंबली, गॅस बंद केला, शिडी काढून ठेवली आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली.

"तुला जमेल?" मी आडव्यानेच विचारले. "ही फार उंच आहे. मेहुण्यांना फोन..."

"गप पडून राहा."

माळशेज ती उतरली. मला फक्त वरचे छत आणि खिडकीतून सरकणारा कडा दिसत होता. प्रत्येक वळणावर गाडी कलली की कपाटातल्या बशा वाजायच्या आणि हिची पाठ ताठ व्हायची. ती एक अक्षर बोलत नव्हती. दोन तासांचा रस्ता तिने चार तासांत काटला. तिला पोस्टातला धडा पाठ होता : पत्र उशिरा पोचले तरी चालेल, गहाळ होता कामा नये. कल्याणात शिरलो, पत्री पूल आला. जुना, १९१४ सालचा, २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ साली खुला झाला, हे मला सांगायचे होते. पण मी गप्प राहिलो, कारण ती पुटपुटत होती. काय ते पुलावरून उतरल्यावर कळले. गणपतीस्तोत्र.

शेवटचा पराक्रम आमच्या सोसायटीच्या कमानीने केला. टोपीवाली कमानीखालून जाईना! गाडी रस्त्यावर उभी राहिली आणि तिथून मला वॉचमन आणि दोन सभासदांनी खुर्चीत बसवून घरी नेले. वाटेत सेक्रेटरींनी पार्किंगचा नियम सांगितला.

संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी देताना ही म्हणाली, "बुटकीच घेऊ."

"आणि मुलं आली तर?"

ती थोडा वेळ पिशवीचे झाकण घट्ट करत राहिली. "आली तर घरी उतरतील. घर आहे ना. ही गाडी आपली दोघांची." मग म्हणाली, "आज मी कशीबशी आणली. पण गाडी अशी हवी, की दोघांतलं कुणी पडलं तर दुसऱ्याला घाबरल्याशिवाय घरी आणता आलं पाहिजे. एकट्याला."

मला पार्वतीबाई आठवल्या. आणि कल्याणच्या जोशांची यमुनाही आठवली. गोपाळराव हिच्यासारखेच पोस्टातले. बदल्यांच्या मागे बिऱ्हाड हलवत दोघे अलिबागला गेली, कलकत्त्याला गेली. आणि १८८३ साली अमेरिकेच्या बोटीत पाऊल ठेवायची वेळ आली तेव्हा ती अठरा वर्षांची पोर एकटी चढली. गोपाळराव मागाहून गेले. तिथून १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई होऊन ती परत निघाली तेव्हा दोघे बरोबर होती, पण ती आजारी होती, आणि पुढच्याच फेब्रुवारीत गेली. इतिहासात मी नेहमी कोण जिंकले, कोण हरले एवढेच शिकवत आलो. जोडीने निघालेल्यांपैकी परतीच्या वाटेवर कोण कुणाला घेऊन आले, हा स्तंभ फळ्यावर कधी आखलाच नाही.

हे मी तिला सांगितले नाही. "मलाही," एवढेच म्हटले. "मलाही तुला आणता आली पाहिजे."

"मग आधी गाडी मागे घ्यायला शिका," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात, कंबर सरळ झाल्यावर, सकाळी सहाला आम्ही कपडे वाळत घालायची काठी घेऊन कमानीखाली उभे राहिलो. मी काठी धरली, हिने खडूने खूण केली, वॉचमनने "हळूहळू सर, कबुतरं आहेत" अशी सूचना केली. कमान साडेनऊ फूट. बुटकी नऊ. अर्धा फूट शिल्लक. कबुतरांनाही जागा आहे. लांबी सहा मीटरच्या आत घेतली, म्हणजे घाटातली वळणे एका दमात बसतील. पलंग एकच, मागे, जमिनीपासून गुडघ्याएवढा, शिडी नाही. माळा नसल्यामुळे ड्रायव्हरच्या डोक्यावर एक काचेची खिडकी आली आहे. त्यातून आकाश दिसते, पण ते गाडी उभी असतानाच पाहायचे अशी अट आहे.

मुलांना फोनवर सांगितले. दोघांनीही पहिला प्रश्न एकच विचारला, "आम्ही आलो की झोपायचं कुठे?" माणसाच्या मनाचा थांग इतिहासालाही लागत नाही, तो असा.

गाडी अजून यायची आहे. शिक्क्यांच्या गावांची यादी तयार आहे. पहिले गाव कोणते ते ही सांगत नाही. भांडी काढून ठेवली आहेत. एक पातेले, एक तवा, दोन ताटे. फक्त कपांवर अडले आहे. मी म्हणतो, दोघांना दोन कप. पानिपत आठवा. ती म्हणते, तीन.

"तिसरा कुणाला?"

"एक फुटला तर."